आधी टेप, मग बाटली, बोअर शेवटी: बेसॉल्टच्या मुलखात भूजल आणि पाण्याची गुणवत्ता समजून घेताना

गावात जलसुरक्षकाचे काम नव्याने हाती आले, पाणीपुरवठा समितीवर पहिल्यांदाच नाव लागले, किंवा जमीन घेऊन तिथल्या जुन्या विहिरीवर मोटर बसवायची ठरवली, की पहिला सल्ला मिळतो तो बोअरची गाडी बोलावण्याचा. दुसरा पानाड्याचा. तळहातावर नारळ उभा राहिला म्हणजे खाली पाणी आहे असे मानणारे आजही पुष्कळ आहेत. बेसॉल्टमध्ये बऱ्याच ठिकाणी थोडेफार पाणी लागतेच, त्यामुळे नारळाचे नावही टिकून राहते. ते पाणी किती दिवस पुरेल आणि पिण्याजोगे आहे का, हे मात्र नारळ सांगत नाही. त्यासाठी एक टेप, एक वही, स्वच्छ बाटल्या आणि थोडे गणित लागते.

खाली काय आहे

महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग दख्खनच्या बेसॉल्टने व्यापला आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. प्रत्येक थराचा मधला भाग बहुधा घट्ट असतो. तोच आपला काळा पाषाण. वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांची भोके राहिलेली असतात, आणि त्यांत पुढे पांढरी-हिरवट खनिजे भरली की गावाकडे त्याला मांजऱ्या म्हणतात. या सगळ्यावर झिजलेला मुरूम आणि त्यावर माती. दोन थरांच्या मध्ये कधी कधी विटकरी रंगाचा मातकट पट्टा सापडतो. तो चिकणमातीसारखा वागतो आणि पाणी सहसा अडवून धरतो.

जमिनीखाली नदी वाहते किंवा तळे साठलेले असते, ही समजूत इथे पहिल्यांदा सोडावी लागते. पाणी असते ते मुरमाच्या फटींत, मांजऱ्याच्या भोकांत आणि पाषाणाच्या सांध्यांत. ज्या थरात पाणी साठते आणि ज्यातून ते विहिरीकडे सरकते, त्या थराला जलधर म्हणतात. पाषाणाला सांधे नसतील तर दोनशे फूट खोल जाऊनही बोअरमधून कोरडी भुकटीच बाहेर येते.

पाणी देण्याची क्षमता किती, हे आकड्यात पाहिले की मनातले बरेच गैरसमज गळतात. झिजलेल्या किंवा मांजऱ्या बेसॉल्टचा एक घनमीटर तुकडा पूर्ण भिजलेला असेल आणि त्यातले पाणी निथळू दिले, तर साधारण १ ते ३ टक्केच बाहेर येते. सरासरी २ टक्के धरा, म्हणजे २० लिटर. घट्ट पाषाणात हा आकडा अर्ध्या टक्क्याच्याही खाली जातो. नदीकाठच्या वाळूत तो १५ टक्क्यांच्या आसपास असतो. जळगाव जिल्ह्यातला तापीकाठचा गाळाचा प्रदेश आणि पुण्याच्या पूर्वेचा बेसॉल्ट यांना एकच नियम लावता येत नाही तो यामुळेच. (गाळाचा प्रदेश म्हणून निर्धास्त राहण्याचेही कारण नाही. यावल-रावेरमध्ये केळीसाठी झालेल्या उपशाने पातळी फार खाली गेली आहे.) पूर्व विदर्भात ग्रॅनाइट-नाइस येतो, कोकणात जांभा. पुढचे आकडे मुख्यतः बेसॉल्टसाठी आहेत.

आपल्या गावचा खडक पाहायला यंत्र लागत नाही. नाल्याचा उभा काठ, रस्त्यासाठी कापलेली टेकडी आणि शेजाऱ्याची उघडी विहीर एवढे पुरते. ऑक्टोबरमध्ये आठ-दहा विहिरींत डोकावून पाहा. माती कुठे संपते, मुरूम किती जाड आहे, झरे नेमके कुठल्या थरातून फुटतात, हे काठावरून दिसते. प्रत्येक विहिरीचे एक उभे चित्र वहीत काढून बाजूला मीटर लिहा. दोन-तीन विहिरींत झरे एकाच उंचीच्या पट्ट्यातून येत असतील तर गावचा जलधर तुम्हाला सापडला.

विहिरीत उतरण्याची हौस मात्र नको. बंद पडलेल्या विहिरीच्या तळाशी प्राणवायू कमी असू शकतो. उपशासाठी डिझेल वा पेट्रोलचे इंजिन आत उतरवले तर त्याचा धूर बसून माणसे दगावतात. पेटता कंदील आत सोडून हवा तपासण्याची जुनी रीत प्राणवायूपुरती ठीक आहे, पण इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तिने कळत नाही.

पातळी मोजणे

लागणारे साहित्य म्हणजे ३० मीटरचा टेप, त्याच्या टोकाला वजन आणि ऑइलपेंटची डबी. कठड्यावर एक जागा ठरवून तिथे रंगाची खूण करा. दरवेळी तिथूनच मोजायचे. कठड्याची जमिनीपासूनची उंची एकदाच मोजून लिहून ठेवा आणि दरवेळी ती वजा करा. खुणेपासून पाण्यापर्यंत ९.८५ मीटर आले आणि कठडा ०.९० मीटर उंच असेल, तर भूजलाची पातळी जमिनीखाली ८.९५ मीटर. ही वजाबाकी राहून गेली की दोन विहिरींची तुलनाच फसते. नव्या माणसाची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

दुसरी चूक वेळेची. मोटर चालू असताना किंवा नुकतीच बंद झाली असताना घेतलेले माप विहिरीचे असते, जलधराचे नसते. बेसॉल्टमध्ये झरे हळू भरतात, म्हणून पहाटे मोटर सुरू होण्याआधी मोजावे. शेजारची विहीर रात्रभर उपसली गेली असेल तर तसे शेऱ्यात लिहावे. आठ तासांच्या वीजपुरवठ्यात रात्रीची पाळी कुणाची होती, हे विचारल्याशिवाय माप पूर्ण होत नाही.

बोअरमध्ये टेपने मोजणे अवघड. पाण्याला टेकताच वाजणारे विजेवरचे मोजयंत्र मिळते ते वापरा. मोटरच्या वायरीत ते अडकू नये म्हणून नवी मोटर सोडतानाच बाजूने अर्ध्या-पाऊण इंचाचा पाइप आत सोडून ठेवलेला बरा.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून काम करते. तिच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी वर्षातून चार वेळा होतात. गावाने दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला मोजावे. ते न जमल्यास पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरच्या सुरुवातीला आणि मेअखेरीस, या दोन नोंदी तरी चुकवू नयेत. एका वर्षाच्या आकड्यांवरून काहीच ठरवता येत नाही. चार-पाच वर्षांचे मे महिने शेजारी शेजारी मांडा, सोबत त्या त्या वर्षाचा पाऊस लिहा. पाऊस सारखा असूनही मेची पातळी दरवर्षी खाली सरकत असेल तर उपसा पुनर्भरणाच्या, म्हणजे जमिनीत मुरणाऱ्या पाण्याच्या, पुढे गेला आहे.

विहीर किती देते

उघड्या विहिरीसाठी सोपी चाचणी अशी. मोटर लावून पातळी दोन-तीन मीटर खाली आणा, मोटर बंद करा आणि दर अर्ध्या तासाला पातळी लिहा. विहिरीचा व्यास ६ मीटर असेल तर तिच्या पाण्याचे क्षेत्रफळ २८.३ चौरस मीटर होते (३.१४ × ३ × ३). दोन तासांत पातळी ६० सेंटिमीटर वर आली, तर आवक झाली १७ घनमीटर, म्हणजे ताशी सुमारे ८,५०० लिटर. पाणी वर चढेल तशी ही आवक मंदावते, म्हणून सुरुवातीच्या अर्ध्या तासाचाच आकडा धरून मोटर विकत घेऊ नये. चाचणी फेब्रुवारीत एकदा आणि एप्रिलअखेर एकदा करावी. ऑक्टोबरात सगळ्याच विहिरी उदार असतात.

बोअरच्या बाबतीत गाडीवाले ‘दोन इंच पाणी लागले’ असे सांगतात. कशावर मोजले ते विचारा. काटकोनी खाचेच्या पत्र्यावरून, म्हणजे व्ही-नॉचवरून मोजलेला एक इंच म्हणजे ताशी सुमारे ५०० लिटर. दोन इंच म्हणजे हजार लिटर असे वाटेल, पण ते असते जवळपास २,९०० लिटर, आणि तीन इंच सुमारे ८,०००. खाचेतली उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींहून अधिक होतो. याउलट दोन इंची पाइप भरून वाहिला, याला काहीच अर्थ नाही, कारण वेग ठाऊक नसतो. यापेक्षा २०० लिटरचा पिंप आणि मोबाइलमधले घड्याळ बरे. पिंप ४० सेकंदांत भरला तर ताशी १८,००० लिटर. हेही मोटर सलग तीन-चार तास चालल्यावर मोजायचे, कारण पहिल्या दहा मिनिटांत येते ते नळीत साठलेले पाणी असते.

एका एकराचा हिशेब

पावसाचे किती पाणी जमिनीत मुरते? झिजलेल्या बेसॉल्टसाठी भूजल मूल्यांकनात पावसाच्या ६ ते ८ टक्के धरतात. सच्छिद्र आणि सांधे असलेल्या बेसॉल्टसाठी १२ ते १४ टक्के, आणि घट्ट खडकासाठी १ ते ३ टक्के. ६०० मिलिमीटर पाऊस आणि ७ टक्के धरले तर मुरले ४२ मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी ४२० घनमीटर. जलधर २ टक्क्यांचा असेल तर तेवढ्याने पातळी सुमारे २.१ मीटर वर येते.

आता हिशेब उलटा करा. एक हेक्टरखालची पातळी एक मीटर खाली गेली म्हणजे २०० घनमीटर, दोन लाख लिटर पाणी निघाले. एका एकराला पाच सेंटिमीटरची एक पाळी द्यायलाही दोन लाख लिटरच लागतात. म्हणजे एका एकराच्या एका पाळीसाठी अडीच एकरांखालची पातळी मीटरभर उतरते. उसाला वर्षाला अशा किती पाळ्या जातात हे मोजून पाहा. उसाशेजारच्या जिरायत शेतकऱ्याची विहीर जानेवारीतच का तुटते, याचे उत्तर त्या आकड्यात असते. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवायची आणि शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही असे नियम केले, त्यामागचे गणित याहून फार वेगळे नाही.

बाटली भरण्याआधी आजूबाजूला पाहा

पाण्याचा नमुना घेण्याआधी स्रोताभोवती एक फेरी मारावी. आरोग्य विभागाच्या स्वच्छता सर्वेक्षणात हेच पाहतात, आणि त्यावरूनच ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. उकिरडा किती अंतरावर आहे, शौचालयाचा शोषखड्डा कुठल्या बाजूला, हातपंपाच्या ओट्याला तडा आहे का, सांडपाणी साचते का, विहिरीवर जाळी आहे का, कठड्यालगत कपडे धुतात का, हे सगळे लिहा. शोषखड्डा आणि पिण्याचा स्रोत यांत निदान १५ मीटर अंतर ठेवतात, पण भेगाळ पाषाण उघडा पडला असेल तिथे हा आकडा अपुरा आहे. मातीच्या जाड थरातून झिरपताना जंतू बरेचसे गाळले जातात. भेगेतून पाणी सरळ धावते, गाळायला मध्ये काही नसते.

उताराचाही विचार हवा. गाव टेकाडावर आणि विहीर खालच्या नाल्याकाठी असेल तर गावाचे सांडपाणी त्याच दिशेने झिरपते. अशा विहिरीत क्लोराइड आणि नायट्रेट दोन्ही शेतातल्या विहिरीपेक्षा जास्त निघाले, तर बोट खताच्या गोणीकडे दाखवण्याआधी गटाराकडे दाखवावे.

नमुना घेणे

नमुने दोन प्रकारचे, आणि त्यांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत. नवा माणूस इथेच घोळ घालतो.

रासायनिक तपासणीसाठी एक-दोन लिटरचा स्वच्छ प्लास्टिक कॅन घ्या. ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्याने तो तीनदा विसळा आणि तोंडोतोंड भरून झाकण घट्ट लावा. रॉकेल, तेल किंवा औषध ठेवलेला कॅन कितीही धुतला तरी चालत नाही.

जैविक तपासणीसाठी प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच हवी. ती विसळायची नाही, कारण आत क्लोरीन मारण्यासाठी सोडियम थायोसल्फेट घातलेले असते आणि विसळले की ते निघून जाते. झाकण काढल्यावर ते खाली ठेवू नका, आतल्या बाजूला बोट लावू नका, वर दोन-तीन सेंटिमीटर हवा सोडून बंद करा. बाटली बर्फाच्या पेटीत ठेवून शक्यतो सहा तासांत, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचली पाहिजे. शनिवारी नमुना घेऊन सोमवारी पोचवला तर तो अहवाल कागदापुरताच.

नळावरून घेताना रबरी नळी काढा, तोटी पुसा, धातूची असेल तर स्पिरिटच्या बोळ्याने तापवा आणि दोन-तीन मिनिटे पाणी जाऊ द्या. रोजच्या वापरातला हातपंप पाच-दहा मिनिटे चालवला की पुरते. बंद असलेल्या बोअरचे मात्र जुने पाणी काढून टाकावे लागते. सहा इंची बोअरमध्ये दर मीटरला सुमारे १८ लिटर पाणी असते. तीस मीटरचा स्तंभ असेल तर साडेपाचशे लिटर, आणि तेवढे निदान दोन-तीनदा उपसल्यावर खडकातले ताजे पाणी येते. विहिरीतून घेताना वरचा तवंग टाळून बाटली फूटभर खाली बुडवा.

लेबल बाटलीवर लावा, झाकणावर नको. झाकणे प्रयोगशाळेत सहज बदलतात. गाव, स्रोत, तारीख, वेळ, पाण्याची पातळी आणि शेवटची टीसीएल पावडर (जंतू मारणारी क्लोरीनची पावडर) कधी टाकली, एवढे त्यावर हवे. सकाळी पावडर टाकून दुपारी घेतलेला जैविक नमुना निर्दोष आला तर त्यात विहिरीची परीक्षा होत नाही, पावडरीची होते.

जल जीवन मिशनच्या पद्धतीत रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जैविक दोनदा, पावसाळ्याआधी व नंतर, होते. पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या आठवड्यात जैविक नमुना आणखी एकदा घ्यावा असे आमचे ठाम मत आहे. उन्हाळाभर साचलेली घाण त्याच पाण्याबरोबर आत उतरते.

अहवाल वाचणे

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० हे २०१२ पासूनच्या सुधारित रूपात वापरतात. त्यात बऱ्याच घटकांना दोन मर्यादा आहेत. पहिली इष्ट, आणि दुसरी पर्यायी स्रोत नसेल तर चालवून घ्यायची. एकूण विरघळलेले क्षार ५०० आणि २,००० मिलिग्रॅम प्रतिलिटर. कठीणपणा २०० आणि ६००. क्लोराइड २५० आणि १,०००. फ्लोराइड १.० आणि १.५. पीएच ६.५ ते ८.५. नायट्रेटला मात्र ४५ ही एकच मर्यादा, सवलत नाही. ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, १०० मिलिलिटरमध्ये एकही नको.

आकडे लावून पाहण्याआधी अहवाल स्वतःशी जुळतो का ते तपासा. कॅल्शियमच्या आकड्याला २.५ ने आणि मॅग्नेशियमच्या आकड्याला ४.१ ने गुणून बेरीज केली की एकूण कठीणपणाच्या जवळपास यायला हवी. कॅल्शियम ८० आणि मॅग्नेशियम ५० असेल तर २०० अधिक २०५, म्हणजे ४०५. अहवालात कठीणपणा २५० लिहिला असेल तर कुठेतरी चूक आहे, फेरतपासणी मागा. विद्युतवाहकतेला साधारण ०.६५ ने गुणले की क्षारांचा अंदाज येतो. बाजारातला पेनासारखा टीडीएस मीटर हेच करतो. तो वाहकता मोजतो आणि गुणाकार करून दाखवतो. पाणी खारट आहे का एवढेच त्याने कळते. फ्लोराइड, नायट्रेट किंवा जंतू त्याला दिसत नाहीत. आरओ विकणारा तो ग्लासात बुडवून घाबरवतो तेव्हा हे लक्षात असू द्या.

नायट्रेटचा आकडा कशात दिला आहे ते पाहा. काही प्रयोगशाळा ‘नायट्रेट नायट्रोजन’ लिहितात. त्याला ४.४३ ने गुणल्यावर नायट्रेट मिळते. अहवालात १२ पाहून सुटकेचा श्वास सोडला आणि तो आकडा नायट्रोजनचा निघाला, तर प्रत्यक्षात ५३ आहे, मर्यादेबाहेर. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या दुधात असे पाणी वापरू नये. उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटते तसे त्याचे प्रमाण उलट वाढते.

फ्लोराइडचेही तसेच. त्याला चव, वास, रंग काही नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत मुलांच्या दातांवरचे तपकिरी पट्टे आणि मोठ्यांच्या आखडलेल्या सांध्यांवरून तो आधी ओळखला गेला. तो खडकातल्या खनिजांतून येतो, आणि पाणी खडकात जितके जास्त काळ राहते तितका वाढण्याची शक्यता अधिक. म्हणून एकाच गावात उथळ विहिरीत ०.८ आणि तीनशे फुटी बोअरमध्ये २.५ असे चित्र दिसू शकते. खोल पाणी म्हणजे शुद्ध पाणी, हा समज इथे महागात पडतो. तोडगा शोधताना पहिली पसंती कमी फ्लोराइडच्या दुसऱ्या स्रोताला द्यावी. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेले तुरटी-चुन्याचे नालगोंडा तंत्र आणि सक्रिय ॲल्युमिनाचे गाळणे उपयोगी आहे, पण दोन्हींत रोजची मात्रा, गाळाची विल्हेवाट आणि ॲल्युमिनाचे पुनरुज्जीवन कोण करणार, हे आधी ठरले पाहिजे. ते न ठरल्याने बंद पडलेली यंत्रे गावोगावी दिसतात.

अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात अडचण मिठाची. तिथे खोल जावे तसे बरेचदा पाणी अधिक खारट होते, शिवाय त्यातला सोडियम काळ्या मातीचा पोत बिघडवतो. त्यामुळे शेततळ्यातले पावसाचे पाणीच कामाचे. कोकणकिनाऱ्यावर खारेपणाचे कारण वेगळे. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यावर तरंगते, आणि समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर खाली साधारण चाळीस मीटर गोडे पाणी असते. उपशाने वरची पातळी अर्धा मीटर उतरली की खालचे खारे पाणी वीस मीटर वर सरकू पाहते. अशा ठिकाणी मोठ्या मोटरऐवजी छोटी मोटर जास्त वेळ चालवावी.

टीसीएलची मात्रा

जंतूंवर क्लोरीन चालते, क्षारांवर नाही. आधी पाणी मोजा. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी म्हणजे ११३ घनमीटर, १ लाख १३ हजार लिटर. चांगल्या, ३३ टक्के क्लोरीनच्या पावडरीची मात्रा दर हजार लिटरला २.५ ग्रॅम, म्हणून सुमारे २८० ग्रॅम लागेल. पावडर जुनी होऊन २० टक्क्यांवर आली असेल तर तेवढ्याच परिणामासाठी ४६५ ग्रॅमच्या आसपास. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरूच नये. उघड्या पोत्यात, ओलसर खोलीत ती झपाट्याने कमकुवत होते. झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात, उन्हापासून दूर ठेवावी.

पावडर सरळ विहिरीत फेकू नका. प्लास्टिकच्या बादलीत एका वेळी शंभर ग्रॅमपर्यंत घेऊन थोड्या पाण्यात लगदा करा, मग बादली पाऊणभर भरून ढवळा आणि दहा मिनिटे निवळू द्या. वरचे निवळ दुसऱ्या बादलीत घ्या. तळाचा चुना टाकून द्या, विहिरीत गेला तर कठीणपणा वाढवतो. निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली हलवा. एक तास पाणी काढू नये. तासाभराने ओटी चाचणीत, म्हणजे पाण्यात उरलेले क्लोरीन रंगावरून दाखवणाऱ्या चाचणीत, लगेच पिवळा रंग यायला हवा. विहिरीवर ०.५ आणि शेवटच्या नळाला निदान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरीन राहिले तर मात्रा योग्य. विहिरीवर रंग येतो आणि शेवटच्या नळाला येत नाही, असे असेल तर पावडर वाढवण्याआधी वाहिनी चालत जाऊन गळती शोधा. गटारातून गेलेला फुटका जोड तिथेच सापडतो. ओटीचे रसायन विषारी आहे. तपासलेले पाणी परत भांड्यात ओतू नये. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीने निवळून घ्यावे, कारण गाळातच क्लोरीन खर्ची पडते.

आणि बोअर घ्यायचाच असेल तर

पातळीची वही, आवकीचा आकडा आणि पाण्याचा अहवाल समोर असूनही नवा स्रोत हवाच असेल, तर कायदा आधी पाहा. सार्वजनिक पिण्याच्या स्रोताभोवतीचे ५०० मीटरचे बंधन १९९३ च्या भूजल अधिनियमात आले. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ ने ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरींना वेगळे धरून अधिसूचित क्षेत्रांत त्यांना मनाई केली. ग्रामपंचायत आणि भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारून घ्या.

गाडी आल्यावर कुणीतरी जाणते माणूस तिथे उभे हवे. दर तीन मीटरला निघालेली भुकटी ओळीने ठेवा, रंग बदलला की खोली लिहा, पाणी कुठे लागले ते लिहा. केसिंग पाइप, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात भिंत ढासळू नये म्हणून घालतात तो पाइप, मुरूम संपून पाषाणात निदान मीटरभर घट्ट रुतला पाहिजे. दोन पाइपांचे पैसे वाचवण्यासाठी तो मुरमातच सोडला, तर पावसाळ्यात गढूळ पाणी बाहेरून उतरते, मोटर गाळात बसते आणि शेजारच्या शोषखड्ड्यातले पाणीही त्याच वाटेने येते. केसिंग जमिनीच्या वर दीड-दोन फूट ठेवा, बाहेरची पोकळी वरून काही फूट सिमेंटने भरा, भोवती उताराचा ओटा करा आणि मोटर उतरेपर्यंत तोंडाला लोखंडी टोपी वेल्डिंग करून टाका. बोअर कोरडा निघाला तर त्याच दिवशी मुरूम-मातीने तळापासून वरपर्यंत भरून घ्या. गोणपाट आणि वर दगड ठेवून तो तसाच सोडू नका, मुले त्यात पडतात.